खुकरीची माणसं

नौदल दिन आपल्याकडे ४ डिसेंबरला असतो. २०२३ साली तो सिंधुदुर्गात साजरा झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणसांची रीघ लागली होती. समोर समुद्रात युद्धनौका आणि वर आकाशात विमानं बघताना कोकणातल्या कित्येक घरांना आपला नौदलात गेलेला मुलगा, भाऊ, काका आठवला असेल. ही तारीख १९७१ च्या युद्धातली आहे. त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर पाकिस्तानी जहाजं बुडवली. तो पराक्रम निर्विवाद आहे आणि तो साजरा व्हायलाच हवा.

त्याच युद्धात, त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले आणि ६७ जण वाचले. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकच युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातली पहिली घटनाही हीच. तरीही ९ डिसेंबर ही तारीख कशाची, असं विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ती पाठ असते ती नौदलातल्या माणसांना आणि ज्या घरांतला माणूस परत आला नाही, त्या घरांना.

मुंबईहून निघालेलं जहाज

खुकरी इंग्लंडमध्ये बांधलेली. आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझ गावच्या गोदीत ती तयार झाली आणि १९५८ साली आपल्या नौदलात दाखल झाली. कृपाण आणि कुठार या तिच्या बहिणी. तिन्ही जहाजं पाणबुड्या शोधून बुडवण्यासाठी बांधलेली, आकाराने लहान आणि वजनाने हलकी फ्रिगेट. या तिघींचा मिळून १४ वा फ्रिगेट स्क्वॉड्रन होता आणि त्याचे प्रमुख होते खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला. ते मूळचे गोरखपूरचे. त्या डिसेंबरात त्यांचं वय ४५ होतं.

खुकरीवरची माणसं देशभरातून आलेली होती, पण जहाजाचं घर मुंबई. पश्चिमी ताफ्याचा तळ इथला, गोदी इथली, आणि बऱ्याच जणांचा संसारही कुलाब्याच्या आसपासच्या नौदल वसाहतींत. युद्ध सुरू झालं तेव्हा मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. अंधारलेल्या घरांमध्ये माणसं रेडिओभोवती बसलेली असायची. नवरा कुठल्या समुद्रात आहे हे घरच्यांना ठाऊक नसे आणि कुणी विचारतही नसे. नौदलातल्या बायकांना ही सवय लग्नाबरोबरच लागते.

युद्धाच्या सुरुवातीलाच कुठारच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला आणि तिला ओढत मुंबईला आणावं लागलं. त्याच सुमारास दीवच्या नैर्ऋत्येला एक पाकिस्तानी पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिने पाठवलेले रेडिओ संदेश आपल्या यंत्रणेने पकडले होते. ती हंगोर, फ्रान्समध्ये बांधलेली, डाफ्ने जातीची. तिला शोधून काढायचं काम १४ व्या स्क्वॉड्रनकडे आलं. कुठार नव्हती, म्हणून ८ डिसेंबरला खुकरी आणि कृपाण या दोघीच मुंबईहून निघाल्या.

शिकारीला निघालेल्या जहाजांपेक्षा सावजाची नजर लांबची होती, हे या गोष्टीतलं सगळ्यात जड सत्य आहे. पाण्याखालची वस्तू शोधण्यासाठी जहाज ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं. ही सोनार यंत्रणा. खुकरीवरचं सोनार जुन्या पिढीचं, त्याचा पल्ला कमी. त्यात अरबी समुद्रात पाण्याच्या थरांचं तापमान खोलीनुसार बदलतं, ध्वनिलहरी वाकतात आणि त्या थरांखाली पाणबुडी लपून राहू शकते. हंगोरची श्रवणयंत्रणा जास्त ताकदवान होती. आपली जहाजं तिला ऐकू येत होती, ती मात्र आपल्या जहाजांना सापडत नव्हती.

ही उणीव नौदलाला माहीत होती आणि त्यावर कामही चालू होतं. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करताना सोनारचा पल्ला वाढवणारं एक उपकरण तयार केलं होतं. त्याच्या चाचण्या खुकरीवर चालू होत्या आणि जैन स्वतः जहाजावर होते. चाचणीसाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता, आणि संथ जहाज म्हणजे पाणबुडीला सोपं लक्ष्य. युद्धाच्या मध्यावर, शत्रूच्या टप्प्यात, सुधारणा करत करत लढायची वेळ आली होती. जैनही त्या रात्री परतले नाहीत.

पावणेनऊच्या बातम्या

वाचलेल्यांच्या आठवणींमध्ये एक तपशील येतो. रात्रीच्या पावणेनऊच्या आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ झाली होती. युद्धाचे दिवस, त्यामुळे ज्याला सवड होती तो जेवणाच्या जागी रेडिओपाशी जमला होता. ढाक्याकडे फौजा किती पुढे सरकल्या, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं.

हंगोर दिवसभर दोन्ही जहाजांच्या मागावर होती. तिचे कमांडर अहमद तसनीम यांनी पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीच्या पोटाखाली फुटला. पाण्याखाली, जहाजाच्या कण्याखाली होणारा असा स्फोट जहाजाला भोक पाडून थांबत नाही, त्याचा कणाच मोडतो. दिवे गेले. अवघ्या काही मिनिटांत खुकरी पाण्याखाली गेली.

युद्धनौकेची रचना ठाऊक असेल तर ही काही मिनिटं म्हणजे काय ते उमगतं. इंजिन रूम आणि बॉयलर रूम जहाजाच्या तळाशी असतात. तिथे काम करणाऱ्या स्टोकरला वर यायचं तर उभ्या लोखंडी शिड्या आणि एका वेळी एकच माणूस मावेल अशी झाकणदारं ओलांडावी लागतात. अंधारात, कलंडलेल्या जहाजात, खालून पाणी चढत असताना त्या शिड्यांवर किती जण पोचू शकले असतील? मेलेल्यांचा आकडा एवढा मोठा का, याचं उत्तर या रचनेत आहे. जे वर, उघड्यावर किंवा ब्रिजपाशी, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागेपाशी होते, त्यांना पाण्यात उडी मारायची संधी तरी मिळाली. जे खाली आपल्या जागेवर होते, त्यांना तीही मिळाली नाही.

ब्रिजवर कप्तान मुल्ला होते. त्यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि जमेल तितक्या माणसांना बाहेर काढायला लागले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिलं गेलं, त्याच्या मानपत्रात नोंद आहे की स्वतःचं जीवरक्षक साधन त्यांनी एका नौसैनिकाला दिलं, जास्तीत जास्त माणसांना बाहेर पाठवलं आणि आणखी कुणाला वाचवता येतं का ते बघायला ते पुन्हा ब्रिजवर गेले. जहाज गेलं तेव्हा ते जहाजावरच होते. त्यांना निघता आलं असतं. शेकडो माणसं आत अडकलेली असताना आपण निघायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

पाण्यात पडलेल्यांची रात्र मग सुरू झाली. फुटलेल्या टाक्यांमधलं काळं, जाड इंधन पाण्यावर पसरतं. ते डोळ्यांत जातं, नाकातोंडात जातं, हाताची पकड सुटते. अशा पाण्यात तराफ्यांना धरून, एकमेकांना हाका मारत त्यांनी सकाळ केली. हंगोरने तिसरा टॉर्पेडो कृपाणवर सोडला होता आणि कृपाण तिथून वेगाने बाहेर पडली. पाणबुडीच्या माऱ्यात जहाज थांबवून माणसं उचलायला जाणं म्हणजे दुसरंही जहाज गमावणं, हे नौदलातल्या सगळ्यांना माहीत असतं. तरीही त्या निर्णयावर पुढे अनेक वर्षं चर्चा झाली, अजूनही होते. पाण्यातून लांब जाणारं आपलंच जहाज ज्यांनी पाहिलं, त्यांच्या मनात प्रश्न राहिला असेल तर त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये.

१० डिसेंबरला आयएनएस कच्छल मदतीला आली. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक पाण्यातून बाहेर काढले गेले.

ज्या घरी काहीच आलं नाही

रणांगणावर पडलेल्या सैनिकाचा देह आज बहुधा गावी येतो. तिरंगा येतो, बंदुकांची सलामी होते, गाव रडतं, चिता पेटते. समुद्रात गेलेल्या माणसाच्या घरी येते ती तार. खुकरीवरच्या बहुतेकांचे देह मिळालेच नाहीत. जहाज जिथे बुडालं तीच त्यांची जागा.

अशा घरात दुःखाला सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न असतो. आपल्याकडे देह न मिळालेल्या माणसासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या पानांची प्रतिकृती करायची, तिलाच देह मानायचं आणि तिच्यावर अंत्यसंस्कार करायचे. शास्त्राने ही सोय केली, कारण असा प्रसंग शतकानुशतकं येत राहिला आहे. दर्यावर गेलेला नाखवा परतला नाही की कोळीवाड्यातल्या घरालाही हेच करावं लागलं आहे. पण विधी करायचा म्हणजे आधी तो गेला हे मान्य करायचं. ६७ जण वाचले असं कानावर आलेलं असताना, आपला त्यांच्यात नाही हे एका आईने कुठल्या दिवशी मान्य करायचं? बायकोने कुंकू कधी पुसायचं? कुठल्या बेटावर, कुठल्या इस्पितळात, सीमेपलीकडच्या कुठल्या तुरुंगात असेल, ही आशा युद्धात हरवलेल्या माणसांच्या घरांतून वर्षानुवर्षं जात नाही. कारण तिला खोटं ठरवणारं काहीच हातात नसतं.

त्या बायकांतल्या बऱ्याच जणी तरुण होत्या. नौसैनिक लवकर भरती होतो, लवकर लग्न करतो. पदरी लहान मुलं, नौदलाचं क्वार्टर आज ना उद्या सोडायचं, सासरी परतायचं की माहेरी हा पेच, निवृत्तिवेतनाचे कागद. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, देशभर पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात या घरांचं सुतक चालू होतं. विजयाचा आनंद खोटा नव्हता आणि यांचं दुःखही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच शहरात, कधी एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून होतं.

वाचलेल्यांचं ओझं निराळं. शेजारच्या बंकवर झोपणारा गेला आणि आपण उरलो, याचा हिशोब कशानेही लागत नाही. कुणी ड्यूटी बदलली म्हणून वर होता, कुणी हवा खायला डेकवर आला होता. एवढ्याशा कारणाने आयुष्य उरलं, हे कळून पुढची पन्नास वर्षं काढायची. त्यावर उपचार असतो, समुपदेशन असतं, हे त्या पिढीला कुणी सांगितलं नाही. बहुतेक जण पुन्हा दुसऱ्या जहाजावर रुजू झाले असतील आणि गप्प राहिले असतील.

हे मौन मोडायला मदत केली ती एका लष्करी अधिकाऱ्याने. मेजर जनरल इयान कार्डोझो मुंबईचे, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय छिन्न झाला, तेव्हा गुरखा पलटणीच्या या अधिकाऱ्याने आपल्याच खुकरी सुऱ्याने तो स्वतः कापला. त्याच कार्डोझोंनी २००६ मध्ये खुकरी जहाजाच्या बुडण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात वाचलेल्यांना व कुटुंबांना बोलतं केलं. त्याआधी व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी नौदलाच्या इतिहासात या घटनेची तांत्रिक बाजू मोकळेपणाने मांडली होती. सोनारची कमतरता, संथ वेग, चाचणी, काहीच झाकून ठेवलं नाही. पराभवाची कारणं स्वतःच लिहून ठेवणारं नौदल, हीसुद्धा त्या १९४ जणांना वाहिलेली श्रद्धांजलीच.

दुसरी खुकरी

बुडालेल्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला द्यायची नौदलात रीत आहे. माझगाव डॉकमध्ये क्षेपणास्त्र कॉर्व्हेट बांधली गेली, देशात बांधलेली त्या जातीची पहिली. तिचं नाव खुकरी ठेवलं. २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत ती नौदलात दाखल झाली. संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत त्या समारंभाला होते आणि त्यांच्याबरोबर होत्या कप्तान मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला.

जवळपास अठरा वर्षांपूर्वी याच बंदरातून त्यांच्या पतीचं जहाज निघालं होतं. त्याच नावाचं दुसरं जहाज त्याच बंदरात त्यांच्या हस्ते नौदलात दाखल होत होतं. ज्या नावाने सगळं नेलं ते नाव पुन्हा उच्चारायला, त्यावर तरुण मुलांना चढताना बघायला किती बळ लागलं असेल. सुधाताईंनी ते केलं. शहिदाची पत्नी म्हणून हार घालून घेण्यापेक्षा हे फार अवघड काम होतं, असं मला वाटतं.

दीवला चक्रतीर्थच्या किनाऱ्यावर एका टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती, समोर अथांग अरबी समुद्र. १५ डिसेंबर १९९९ रोजी व्हाइस ॲडमिरल माधवेंद्र सिंग यांनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा नवी खुकरी समोरच्या पाण्यातून मानवंदना देत गेली. आज महाराष्ट्रातून सहलीला जाणारी कुटुंबं सोमनाथ करून दीवला उतरतात, संध्याकाळी या टेकडीवर येतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात. फोटो जरूर काढावेत. मात्र त्याआधी तिथली माहिती वाचावी, मुलांना सांगावी. समोर दिसतंय त्याच पाण्याच्या पलीकडे, क्षितिजाखाली, ते जहाज अजून आहे आणि त्याच्या पोटात माणसं आहेत.

दुसऱ्या खुकरीने ३२ वर्षं सेवा केली. २८ कप्तानांच्या हाताखाली ती ६ लाख ४४ हजारांहून अधिक सागरी मैल फिरली. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरचा ध्वज उतरवण्यात आला. मग ती भंगारात न जाता दीवला आणली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवली गेली. पहिल्या खुकरीच्या जवळ दुसरी येऊन थांबली.

पलीकडच्या किनाऱ्यावर

कराचीच्या सागरी संग्रहालयात हंगोर पाणबुडी जपून ठेवली आहे. पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा हंगोर दिवस म्हणून पाळतं. आपला ४ डिसेंबर त्यांच्या घरांमध्ये सुतकाचा आहे: त्या रात्री खैबर ही त्यांची विनाशिका आपल्या क्षेपणास्त्रांनी बुडाली आणि शेकडो माणसं गेली. त्याच सुमारास विशाखापट्टणमबाहेर गाझी ही पाणबुडी बुडाली, तिच्यातलं कुणीही वाचलं नाही. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं मेली. खुकरीनंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेलं ते पुढचं मोठं जहाज.

हे सांगण्याचा हेतू दोन्ही बाजू सारख्याच होत्या असं म्हणण्याचा नाही. १९७१ चं युद्ध का झालं, पूर्व बंगालमध्ये काय चाललं होतं, हे जगाला माहीत आहे. पण समुद्राच्या तळाशी गेलेल्या नौसैनिकाच्या आईचं दुःख कुठल्याही किनाऱ्यावर तेच असतं. आपल्या माणसांची आठवण करताना हे लक्षात ठेवलं तर आठवणीत द्वेष शिरत नाही आणि तिचं मोलही कमी होत नाही.

एकशे चौऱ्याण्णव

कप्तान मुल्ला यांच्या नावे २००० साली टपाल तिकीट निघालं. त्यांची कथा पुस्तकांत आहे, भाषणांत आहे. ती तशीच सांगितली जावी. पण खुकरी म्हणजे एकटे कप्तान मुल्ला नाहीत, आणि त्यांच्या शेवटच्या वागण्यातूनच हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्यांनी आपलं जीवरक्षक साधन ज्याला दिलं तो एक नौसैनिक होता. ते ज्यांच्यासाठी परत फिरले ते स्टोकर, सिग्नलमन, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि सफाईचं काम करणारे टोपास होते. कप्तानाने ज्यांना शेवटपर्यंत मोजलं, त्यांना आपण एका आकड्यात गुंडाळून ठेवलं, तर तो त्यांचाही अपमान आणि कप्तानाचाही.

म्हणून एक काम सांगावंसं वाटतं. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात १९७१ च्या युद्धात गेलेल्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांशी त्यांचा संपर्क असतो. आपल्या जिल्ह्यातलं, तालुक्यातलं, गावातलं कुणी खुकरीवर होतं का, ते शोधा. असेल तर त्या घरी जा. त्याचं शाळेतलं नाव, त्याला आवडणारा खेळ, घरी आलेलं शेवटचं पत्र, भिंतीवरचा गणवेशातला फोटो, जे काही उरलं असेल ते लिहून घ्या, ध्वनिमुद्रित करा, गावच्या ग्रंथालयात ठेवा. वाचलेल्यांपैकी जे हयात आहेत ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. तेव्हाच्या नवऱ्या मुली आता आज्या झाल्या आहेत. त्यांना विचारायला कुणी जायचं असेल तर ते या चारदोन वर्षांतच जायला हवं.

आणि शाळांना एक विनंती. ४ डिसेंबरचा कार्यक्रम जोरात करा. मग ९ डिसेंबरला प्रार्थनेनंतर दहा मिनिटं काढा आणि खुकरीवरच्या माणसांची नावं मोठ्याने वाचा. सगळीच्या सगळी, कप्तानापासून टोपासापर्यंत, एकाच यादीत.